एकाच माणसाच्या कानासाठी

मी एक जुना हेडफोन आहे. शिरूरमधल्या एका बंद पडलेल्या संगणक केंद्रात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वायरींच्या गुंत्यात पडून असतो. माझ्या उजव्या कानाचा स्पंज उंदराने पळवला. तोंडापुढे येणारी माइकची दांडी वाकडी झाली आहे. पण मित्रांनो, उंदराबद्दल माझी तक्रार नाही. उंदराने मला कसलाही शब्द दिला नव्हता. ज्याने दिला होता, त्याने तो कसा मोडला हे मला सांगायचे आहे. सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या, कारण तो राग अजून गेलेला नाही.

मला डोळे नाहीत. कोण गोरे, कोण काळे, कोणाचे कपडे नवे, हे मला विचारू नका. मी माणूस ओळखतो तो त्याच्या आवाजावरून, आणि माझ्या स्पंजाखाली त्याचा कान किती तापला आहे त्यावरून. जबडा आवळून बसलेला माणूस मला लगेच कळतो. वरवर तो कितीही हसत असला तरी मला फसवता येत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांची भाषा मला येत नव्हती. एकीने मला कानाला लावले, एक बारीकशी शिट्टी ऐकली, मान हलवली आणि खोक्यात घातले. माझी परीक्षा एवढीच. मग जहाज, मग ट्रक, मग पुण्याच्या तपकीर गल्लीतले एक दुकान. तिथे सत्यजीत नावाच्या तरुणाने मला विकत घेतले आणि एसटीत मांडीवर घेऊन शिरूरला आणले. पोराला पहिल्यांदा घरी आणावे तसे आणले, हे मी नाकारणार नाही.

सत्यजीत हा घोडनदीकाठच्या बागायतदाराच्या घरातला मुलगा. शेतीत त्याचे मन रमत नव्हते. बाजारपेठेच्या मागच्या बाजूला एक गाळा घेऊन, प्लायवूडच्या खोल्या पाडून त्याने संगणक केंद्र काढले होते. ती दोन हजार सालानंतरची वर्षे होती. तेव्हा शिरूरमध्ये इंटरनेट म्हणजे अप्रूप. दहावीचा निकाल लागला की गाळ्यापुढे चपलांचा ढीग पडायचा.

सुरुवातीला माझ्या वाट्याला गाणी आली. कॉलेजची पोरे डोक्याला चपचपीत खोबरेल लावून यायची आणि मला डोक्यावर चढवून, पाय हलवत तासभर एकच गाणे ऐकायची. त्यांच्या तेलाने माझा पट्टा इतका मऊ झाला की दुसरे कोणतेही पॉलिश त्याला लागले नाही. एक बाई आखातात गेलेल्या मुलाशी बोलायला यायची. नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी ती ओरडायची. मग सत्यजीत सांगायचा, "मावशी, हळू बोला. हेडफोन लावलाय न्हवं? ह्यातलं तुमचं तुम्हालाच. बाहेर काय सुदिक जात न्हाई."

मित्रांनो, हाच तो शब्द. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. भोंगा गावाला ऐकवतो, रेडिओ घराला ऐकवतो, मी मात्र एकाच माणसाला ऐकवतो. यात लहानपणा नाही, मोठेपणा आहे, असे मी मनाशी म्हणायचो. सत्यजीत संध्याकाळी कापसाच्या बोळ्याने मला पुसायचा आणि खिळ्याला टांगायचा. गाळा झाडायला येणाऱ्या झुंबरबाई मला झाडणी लागू नये म्हणून दुसऱ्या हाताने आडोसा धरायच्या. मी सुखात होतो.

मग एका वर्षी शिरूरमध्ये मनाच्या आजारांचे शिबिर भरले. पुण्याहून डॉक्टर तेजश्री नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ आल्या होत्या. शिबिराला फारसे कोणी येणार नाही असे सगळ्यांना वाटले होते, पण रांग लागली. फक्त रांगेतला प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता की मी शेजाऱ्यासाठी आलोय. हे मी पुढे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकले. आलेल्या लोकांना दर महिन्याला पुण्याला येणे झेपणार नव्हते. दिवस मोडायचा, आणि घरी काय सांगायचे हाही प्रश्न. तेव्हा डॉक्टरांनी सत्यजीतला विचारले, की पहिली तपासणी समोरासमोर झालेल्या पेशंटशी मी तुमच्या संगणकावरून बोलले तर चालेल का? कॅमेरा असेल, हेडफोन असेल, औषधाची चिठ्ठी तुमच्या छपाईयंत्रावर निघेल. सत्यजीत हुरळून गेला. त्याने मागची खोली रिकामी केली, तिला दार बसवले आणि मला त्या खोलीत नेले. गाण्यांची माझी नोकरी संपली.

त्या खोलीत मी काय काय ऐकले ते मी सांगणार नाही. तुम्ही कितीही आग्रह केला तरी नाही. जी गोष्ट एका कानासाठी असते ती दुसऱ्या कानात घालायची नाही, हा आमच्या जातीचा धर्म आहे. एवढेच सांगतो की माणसे आत येताना कान बर्फासारखे गार घेऊन यायची आणि जाताना ते जरासे उबदार झालेले असायचे. डॉक्टर सगळ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या, आणि ती काही गुपित नाही म्हणून तुम्हालाही सांगतो. मनाचे चढउतार हद्दीबाहेर गेले तर तो स्वभाव नसतो, भूतबाधा नसते, नाटक तर नसतेच. तो आजार असतो आणि त्याला औषध असते.

खोलीत येणाऱ्यांत सत्यजीतच्या घरातलेही एक माणूस होते. नाव विचारू नका. ते माणूस आले की सत्यजीत गाळ्याचे शटर अर्धे खाली ओढायचा, गिऱ्हाइकांना नेट बंद असल्याचे सांगायचा आणि स्वतः पायरीवर जाऊन बसायचा. शटरचा तो आवाज मला नीट ठाऊक आहे.

आणि चांगदेव यायचा.

चांगदेव वडगाव रासाईचा, भीमेकाठच्या बौद्धवस्तीतला. सत्यजीत आणि तो शिरूरच्या कॉलेजात एका बाकावर बसलेले. चांगदेव कुरकुंभच्या औषध कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होता. आठवड्याला पाळी बदलायची. तो हसून सत्यजीतला म्हणायचा, "सत्या, दिसभर औषधाच्या भुकटीत उभा असतो मी, आन् गोळी मलाच चालू. कंपनीवाल्यांनी बोनसमध्येच द्यायला पायजे." दौंडच्या डॉक्टरकडे जायची त्याची तयारी नव्हती, कारण तिथे अर्धी कंपनी भेटायची. कायम कामगारांची निवड जवळ आली होती, आणि सुपरवायझरने त्याचे नाव वर पाठवले होते. हे तो सर्वांदेखत सांगायचा, म्हणून मीही सांगतो. पाच वर्षे ठेक्यावर काढलेल्या माणसाला कायम होणे म्हणजे काय, हे तुम्ही घरातल्या मोठ्यांना विचारा.

शिबिरातल्या तपासणीनंतर तो पहिल्यांदा खोलीत आला तेव्हा त्याच्या कानशिलाची शीर माझ्या स्पंजावर ठणाठणा आपटत होती. डॉक्टरांनी नमस्कार केला. तो म्हणाला, "मॅडम, हे कुणाला कळणार न्हाई ना?" डॉक्टर म्हणाल्या, "मी, तुम्ही आणि कानातला हेडफोन." मी तेव्हा किती फुगलो होतो म्हणून सांगू! माझे नाव एका डॉक्टरने शपथेसारखे घेतले होते. त्यानंतर चांगदेव बोलू लागला. दर महिन्याला आला. गोळ्या सुरू झाल्या, रक्त तपासून आणायचे तेही त्याने केले. हळूहळू ती शीर शांत झाली. माझ्या आयुष्यात मी इतके उपयोगी काम केले नव्हते.

हे असेच चालू राहिले असते. पण आमच्या भागात कोणतीही गोष्ट नुसती चालू राहिलेली लोकांना चालत नाही. बोअरला पाणी लागले तरी इथे सत्कार होतो. मांडव पडल्याशिवाय, पाहुणे आल्याशिवाय आणि भोंगा लागल्याशिवाय ती गोष्ट झाली असे कोणी धरत नाही. आमचे केंद्र गुपचूप चालले होते, आणि तेच सत्यजीतला खटकू लागले. एवढे मोठे काम आपण करतो आणि कोणाला पत्ता नाही! त्याने केंद्राचे रीतसर उद्घाटन करायचे ठरवले. प्रमुख पाहुणे म्हणून मारुतराव आप्पांना बोलावले. मारुतराव म्हणजे तालुक्यातले वजनदार बागायतदार. कुरकुंभच्या कंपन्यांना कामगार पुरवायचा ठेकाही त्यांचाच. त्यांनी मनावर घेतले असते तर गाळ्याशेजारची जागा केंद्राला मिळाली असती.

उद्घाटनाचाच दिवस सत्यजीतने चांगदेवला दिला. "आज मॅडमनी तुला खास जादा येळ दिलाय," असे तो फोनवर सांगत होता. मी खिळ्यावर टांगलेला होतो. मला तेव्हा काही वावगे वाटले नाही. कार्यक्रम आहे, तरी पेशंटला विसरला नाही, असे वाटून उलट बरे वाटले.

त्या दुपारी गाळ्यापुढच्या रस्त्यात मांडव पडला. साउंडवाला लग्नात वाजवतो तेच मोठे खोके घेऊन आला. नेहमीप्रमाणे वीज गेली होती, म्हणून मागच्या बाजूला, अगदी आमच्या खोलीच्या भिंतीला लागून, जनरेटर धडधडत होता. मला झेंडूचे एक फूल अडकवले गेले. मी लाजलो. आणि मग सत्यजीत साउंडवाल्याला घेऊन खोलीत आला.

त्यांनी माझी ऐकायची पिन संगणकातून उपटली. तिच्या जागी एक दोन तोंडांची पिन बसवली. एका तोंडात मला खुपसले आणि दुसऱ्या तोंडात एक लांबच लांब वायर. ती दाराखालून, जमिनीवरून बाहेर मांडवात गेली.

"ह्याच्या कानात बी येईल आन् तकडं बी येईल," साउंडवाला म्हणाला.

"त्याला काय कळणार न्हाई ना?" सत्यजीतने विचारले.

"जनरेटर चालूय, भाऊ. कळतंय कशाचं."

मित्रांनो, वाईट म्हणून तो हे करत नव्हता, एवढे मला मान्य आहे. पुण्याची डॉक्टर आपल्या शिरूरमध्ये कशी बोलते, हे पाहुण्यांनी कानांनी ऐकावे एवढीच त्याची हौस होती. पण त्याने विचारले ते वाक्य तुम्ही ऐकलेत ना? त्याला कळणार नाही ना, असे त्याने विचारले. ज्या कामात असे विचारावे लागते ते काम कसले असते, हे लहान पोरालाही समजते. त्याला समजत होते. तरी त्याने केले.

चांगदेव मागच्या दाराने आला. रात्रपाळी करून, आंघोळ करून, थेट गाडीवर बसून आला होता. त्याने मला उचलले, झेंडूचे फूल पाहून हसला, ते काढून टेबलावर ठेवले आणि मला कानांवर घट्ट बसवले. जनरेटरमुळे नीट ऐकू येईना म्हणून त्याने वरून दोन्ही तळहात दाबून धरले.

तो काय बोलला ते मी सांगणार नाही. ते माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. पण डॉक्टरांचे बोलणे मांडवातल्या शेकडो माणसांनी ऐकले आहे. चव्हाट्यावर गेलेल्या गोष्टीला मी झाकण कुठून आणू? तेवढेच सांगतो.

"चांगदेव, नमस्कार. झोप कशी आहे? ... छान. म्हणजे मागे रात्रपाळी करून आल्यावर दिवसाही झोप नसायची आणि तरी थकवा वाटायचा नाही, तसं आता होत नाही."

"आणि आपण काहीही करू शकतो, सगळी कंपनी आपणच चालवतो, असं वाटायचं ते? ... हो, हसताय म्हणजे बरंच कमी झालंय."

"आवाज थोडा घुमतोय. खोलीत आणखी कोणी आहे का?"

इथे चांगदेवचे एकच वाक्य मी सांगतो, कारण ते मला आजही पोळते. तो म्हणाला, "न्हाई मॅडम, एकटाच हाय."

मी खरखर केली. माझ्या अंगात होता तेवढा सगळा जोर लावून खरखर केली. त्याने माझी वायर जराशी हलवली, पिन दाबली आणि पुन्हा तळहात कानांवर ठेवले. माझ्याकडे दुसरे काही नव्हते. हेडफोनला स्वतःचा आवाज नसतो.

"बरं, एक विचारायचंच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ते उतरतीचे दिवस यायचे तेव्हा जगणं नको वाटायचं, नदीकडे जाऊन बसायचात, ते विचार आता येतात का? ... अजिबात नाही? हे ऐकून मला फार बरं वाटलं. खरंच. मिसेसना सांगितलंत का तेव्हाचं? ... नाही. ठीक आहे, तुम्हाला जमेल तेव्हा सांगा. मी आहे मदतीला. गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत."

बोलणे संपले. चांगदेवने मला कानांवरून खाली ओढून गळ्यात घेतले. नेमका त्याच वेळी साउंडवाल्याने जनरेटर बंद केला, कारण वीज आली होती. धडधड थांबली आणि बाहेरून टाळ्या ऐकू आल्या.

त्यांनी टाळ्या वाजवल्या, मित्रांनो. यंत्र चालले म्हणून टाळ्या वाजवल्या.

चांगदेवला अजून काही कळले नव्हते. त्याला वाटले कोणाचे भाषण संपले. तेवढ्यात दार ढकलून झुंबरबाई आत आल्या. त्या मांडवात पहिल्यापासून बसल्या होत्या. त्यांच्या मनात काही म्हणजे काही वाईट नव्हते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लेकरा, मॅडम काय म्हणल्या त्ये ध्यानात ठीव. गोळ्या सोडू नगं. आन् नदीकडं जाऊ नगं रं बाबा, बायकापोरं हायती तुला."

मी त्याच्या गळ्यात होतो. आधी त्याचा श्वास थांबला. मग गळ्याची नाडी अशी उसळली की माझा पट्टा हलला. बाहेर मारुतरावांचा आवाज भोंग्यावरून येत होता, "आरं, हा तर आपल्याच प्लांटवरचा चांगदेव निघाला की! व्हय ना रं सत्यजीत?"

चांगदेवने दाराखालच्या वायरीला हात लावला. ती कुठून आली ते बोटांनी चाचपत माझ्या पिनेपर्यंत आला. मग त्याने मला टेबलावर ठेवले. आपटले नाही. आपटले असते तर मला बरे वाटले असते.

सत्यजीत धावत आत आला. "चांगदेवा, आरं एक नंबर झालं! आप्पा लई खूश हायेत. आरं, लोकांना कळाय नको का, आपल्या शिरूरात..."

"सत्या," चांगदेव म्हणाला, "मी तुझ्या बाकावर बसलोय."

एवढेच. मग मागच्या दाराने तो गेला आणि गाडीचा आवाज न्हावऱ्याच्या दिशेने लांब लांब जात ऐकू येईनासा झाला.

पुढचे काही महिने मी खिळ्यावर टांगलेला होतो. बातम्या कानावर येत होत्या. रसायनांच्या रिअॅक्टरजवळ असला माणूस ठेवायची जोखीम नको, असे सांगून मारुतरावांच्या माणसाने चांगदेवला कामावरून थांबवले. कायम कामगारांच्या निवडीत त्याचे नाव राहिले नाही. चांगदेवने गोळ्याही बंद केल्या. ज्या गोळीची गोष्ट गावाला माहीत झाली ती गोळी त्याला नको होती.

त्या दिवसानंतर खोलीत दुसरेही कोणी आले नाही. बाहेर पाटी लागली होती, उद्घाटनाचे फोटो लागले होते, आणि आत खुर्ची रिकामी होती. सत्यजीतच्या घरातले ते माणूसही आले नाही. त्याच्या हौसेची किंमत त्याच्या घरातही मोजली गेली, पण त्याचे मला समाधान वाटले नाही. मला सत्यजीतचा राग येत होता, आणि रोज संध्याकाळी तोच मला कापसाच्या बोळ्याने पुसत होता. त्या पुसण्याची मला किळस यायची.

मग एका सकाळी गाळ्यात एका बाईचा आवाज आला. आवाज मोठा नव्हता.

"सत्यजीतभाऊ, मी अंजना. चांगदेवची मंडळी."

"या वहिनी, बसा," सत्यजीत गडबडला.

"बसाय न्हाई आले. माझा नवरा नदीवर जाऊन बसायचा, ही गोष्ट मला पाण्याच्या टाकीवर बायकांकडून कळली. मी त्याच्या शेजारी निजते, भाऊ. मला न्हाई कळली आन् मांडवाला कळली."

"वहिनी, मी चांगल्यासाठीच..."

"तुमच्या घरातलं कुणी त्या खुर्चीत आसतं, तर लावला आसता का भोंगा?"

सत्यजीतची खुर्ची करकरली. त्या प्रश्नाचे उत्तर त्याला ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते. अंजनाला ठाऊक नव्हते, आणि तरीही तिने नेमके तेच विचारले.

"आता ऐका," ती म्हणाली. "गोळ्या सोडल्यावर पयल्यांदा त्यो झोपंना. वस्तीत सभा घेत फिरला, कंपनीवर मोर्चा न्यायचा म्हणला, गळा बसस्तवर बोलला. आता बोलतच न्हाई. अन्नाला शिवत न्हाई. त्याला मी एसटीनं आणलाय, स्टँडवर बसवलाय भावाजवळ. मॅडमला फोन लावा. आन् मग तुम्ही बाहेर जावा. पार रस्त्याच्या पलीकडं जावा."

सत्यजीतने फोन लावला. अंजना खोलीत आली. तिने माझ्या वायरीवरून हात फिरवत शेवटपर्यंत नेला, ती दोन तोंडांची पिन उपटली आणि खिडकीबाहेर फेकली. मला नीट संगणकात खोचले. टेबलाखाली, खुर्चीखाली, पडद्यामागे हात घालून तिने सगळे चाचपले. मग चांगदेवला आणून बसवले आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

तो वाळला होता. माझा पट्टा एक खाच आवळावा लागला. कान गार होते, पहिल्या दिवसापेक्षाही गार. डॉक्टरांनी हळूच हाक मारली, "चांगदेव."

तो म्हणाला, "मॅडम, आज कोण कोण ऐकतंय?"

डॉक्टर म्हणाल्या, "मी एकटी आहे. माझ्या खोलीचं दार बंद आहे. त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं, चांगदेव. कळल्यावर मी सत्यजीतना खूप बोलले. पण आवाज घुमतोय हे कळल्यावर मी तिथंच थांबायला हवं होतं. माझं चुकलं."

"तुमचं खरं आसंल, मॅडम," तो म्हणाला. "पर ह्याच्यातनं आलेलं आता मला खरं वाटत न्हाई."

'ह्याच्यातनं' म्हणजे माझ्यातून. मित्रांनो, मी त्या दिवशी जितका खरा होतो तितका आयुष्यात कधीच नव्हतो. एक वायर, एक पिन, एक कान. पण त्याला ते कळायला मार्गच नव्हता. त्याने दोन्ही हातांनी मला उतरवले आणि अंजनाकडे दिले.

अंजनाने मला पदरावरून कानांना लावले. डॉक्टरांनी तिला सांगितले, की आता संगणक नको, त्याला घेऊन आजच पुण्याला माझ्याकडे या, मी दवाखान्यात थांबते, रात्र झाली तरी थांबते. वाटेत त्याला एकटे सोडू नका. अंजना "व्हय" म्हणाली. मग तिने विचारले, "मॅडम, ह्यो बरा हुईल का?" डॉक्टर म्हणाल्या, "आधी होत होता ना? पुन्हा होईल." तिचा कान माझ्या स्पंजाला चिकटला होता. तो ओला झाला.

ती दोघे निघून गेली. चांगदेव पुण्याच्या दवाखान्यात काही आठवडे राहिला. पुढे झुंबरबाईंच्या बोलण्यातून कळले की तो आता शिरूरच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे कामाला आहे आणि दर महिन्याला अंजनासोबत एसटीने पुण्याला जाऊन डॉक्टरांना समोरासमोर भेटतो. दिवस मोडतो, पण जातो. कंपनीत त्याला कोणी परत बोलावले नाही. बाजारपेठेतून येता-जाताना तो या गाळ्यावरून जायचा म्हणे, पण त्याचा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

खोली रिकामीच राहिली आणि वर्षभरात सत्यजीतने केंद्र बंद केले. बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात मी काउंटरवर पडलो होतो. तेव्हा एक मुलगी आली. आवाजावरून कॉलेजातली वाटत होती. ती सत्यजीतला अगदी हळू म्हणाली, "दादा, इथं मनाच्या डॉक्टर बोलतात ना?" सत्यजीत घाईने म्हणाला, "हां, बोलतात की. बसा, लगेच लावून देतो." तिने मला हातात घेतले. तिची बोटे थंडगार होती. मला वाटले, आता ही मला कानाला लावील आणि माझे गेलेले काम मला परत मिळेल. मग ती थांबली आणि तिने विचारले, "भोंगा लावला होता ते हेच का?"

सत्यजीतला खोटे बोलता आले नाही. तिने मला खाली ठेवले. तिच्या चपला पायऱ्या उतरून गेल्या.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात, कधी कोणी तुमच्या कानाशी येऊन काही सांगेल. आज हसणारे, उद्या रडणारे, परवा कोणाशीच न बोलणारे माणूस तुम्हाला भेटेल. त्याला डॉक्टरकडे जायला सांगा, बरोबर जा, वाट लांब असली तरी जा. पण त्याने सांगितलेले दुसऱ्याला ऐकवू नका. चांगल्या हेतूने नको, कौतुकाने नको, काळजीपोटी गल्लीला सांगणेही नको. ज्याचा विश्वास मोडतो तो तुमच्याशी भांडायला येत नाही. तो बोलणे बंद करतो, आणि त्याच्याकडे बघून बाकीचेही बंद करतात.

चांगदेवला अंजना होती. ती मुलगी एकटी आली होती. तिला काय सांगायचे होते ते मला कधीच कळले नाही, आणि ती पुढे कुठे गेली तेही नाही.